लिनक्स मिंट २२: जुना लॅपटॉप, आडत दुकान आणि नमलॉकची भानगड

विंडोज दहाचा सपोर्ट बंद होणार असं कळल्यापासून मला किमान दहा जणांनी विचारलंय की बाबा आता काय करू, अकरा टाकू, का लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकू, का सरळ मॅक घेऊ. प्रत्येकाशी मी अर्धा अर्धा तास फोनवर बोलतो आणि शेवटी समोरचा म्हणतो "बरं, बघतो" आणि काहीच करत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवीन आणि गप बसीन.

मी सांगलीत असतो, दुकानांसाठी छोटी सॉफ्टवेअरं लिहितो. फार मोठं काय नाही, आडत दुकानाची पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद), किराणाचं बिल, गिरणीचा हिशोब असलं. त्यामुळे माझ्यापुढं हा प्रश्न डबल असतो. मी स्वतः कशावर बसून काम करायचं हा एक, आणि जे लिहितोय ते कशावर चालणार हा दुसरा. लोक हे दोन्ही एकच समजतात आणि मग भांडत बसतात की विंडोज भारी का लिनक्स भारी. मी पण कॉलेजात असताना भांडलोय, तेव्हा उबंटू नावाच्या लिनक्सची सीडी फुकट घरपोच यायची पोस्टाने, आठवत असेल बऱ्याच जणांना, ती २०११ ला बंद केली त्यांनी. मी तीन वेळा मागवली होती आणि एकदाही नीट इन्स्टॉल केली नव्हती, नुसती पाकिटं टेबलावर दिसतील अशी ठेवायची.

असो. तर माझा लॅपटॉप २०१७ चा, आय फाइव्ह सातव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम. मशीन ठणठणीत. पण विंडोज अकरासाठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पाहिजे, म्हणजे मी एका जनरेशनने गेलो. जुगाड करून टाकता येतं, मला माहितीय, पण ज्या मशीनवर माझं पोट आहे तिथं जुगाड मला नको होता. आणि विंडोज दहाचा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर होतं. संपला म्हणजे काय, मशीन बंद पडत नाही हो, काही जणांना तसंच वाटतंय, सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात एवढंच. घरगुती लोकांना एक वर्ष वाढवून दिलंय, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यासाठी वेगळं नाव नोंदवावं लागतं. मी ज्या रिपेअरवाल्याकडं गेलो तो म्हणाला भंगारात घाला, नवीन घ्या, पंचेचाळीस हजारात चांगला येतो. मी घरी येऊन २५६ जीबीचा एसएसडी मागवला आणि २०२४ च्या गणपतीत मिंट २२ टाकलं, मिंट म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार.

टाकणं कसं झालं यावर फार लिहीत नाही, सगळीकडं व्हिडिओ आहेत. पेनड्राइव्ह बनवा, त्याच्यावरनं बूट करा, आणि इन्स्टॉल करायच्या आधी तसंच तासभर वापरून बघा. हे शेवटचं कोण करत नाही आणि मग बोंबलतात. पेनड्राइव्हवरच वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, झाकण लावून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, एवढं बघून घ्या. माझं सगळं चाललं, फक्त बोटाचा ठसा घेणारं बटण चाललं नाही ते अजून चालत नाही. मी त्याच्यावर एक छोटा स्टिकर लावलाय.

मिंटच का, तर त्याचा सिनॅमन डेस्कटॉप. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडं घड्याळ. आपल्याकडं एमएस-सीआयटी करून आलेली अख्खी पिढी आहे, त्यांच्या हाताला जे वळण लागलंय ते यात बसतं. माझ्या आईने पहिल्या दिवशी विचारलं पण नाही की काय बदललं, फक्त म्हणाली "पत्ते कुठं गेले". आतून हे उबंटू २४.०४ वर उभं आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे तोपर्यंत लॅपटॉपच दमेल. बूट झाल्यावर माझ्या मशीनवर सव्वा जीबीच्या आसपास रॅम खातं, बाकीची माझ्या ब्राउझरला. टाइमशिफ्ट म्हणून एक गोष्ट यात आधीच असते, ती सिस्टीमचा फोटो काढून ठेवते, अपडेटनं काय बिघडलं तर मागं जाता येतं. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा चूक माझीच होती. फक्त लक्षात घ्या की ते सिस्टीम फाइल्सचं असतं, तुमच्या मुलाच्या बारशाचे फोटो त्यात येत नाहीत, ते वेगळे ठेवायचे.

मराठी टायपिंग. हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे कारण यावर कुणीच नीट लिहीत नाही. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये गेलं की मराठी इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण कीबोर्ड) आयतं आहे, काही डाउनलोड करायला लागत नाही. दोन लेआउट ठेवा, इंग्रजी आणि मराठी, आणि अदलाबदलीला एक बटण लावा. ज्यांना उच्चारानुसार टाइप करायची सवय आहे त्यांनी आयबस नावाचं टायपिंगचं साधन टाकून घ्यावं, त्यात फोनेटिक मिळतं. मी इनस्क्रिप्टवाला आहे, पहिला महिना रडलो, आता फोनेटिकवर हात चालत नाही. आणि ज्याच्यासाठी मी जीव टाकतो तो ऱ्य, म्हणजे शेतकऱ्याचे मधला, तो सिस्टीमच्या फॉन्टात बरोबर दिसतो. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं. आडत दुकानाच्या प्रत्येक पट्टीवर वर मोठ्या अक्षरात "शेतकऱ्याचे नाव" असतं. ते जर "शेतकर्याचे" असं छापलं तर आमचे अण्णा, म्हणजे दुकानाचे मालक, चष्मा कपाळावर घेऊन विचारतात, "हे काय रं?"

आता दुकानाकडं येतो. दुकान मार्केट यार्डात आहे, हळद आणि गूळ. त्यांच्याकडं कुणीतरी फार वर्षांपूर्वी लिहिलेला व्हीबी सिक्स, म्हणजे व्हिज्युअल बेसिकमधला प्रोग्राम होता, मागं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा डेटाबेस. व्हीबी सिक्स १९९८ चं, आणि त्यात लिहिलेले प्रोग्राम आजपण विंडोज अकरावर चालतात हे विंडोजचं खरंच कौतुक आहे, मी लिनक्सवाला असलो तरी म्हणतो. लिनक्सवर पाच वर्षांपूर्वी बांधलेला प्रोग्राम तसाच उचलून चालवायला गेलं तर कुठली ना कुठली लायब्ररी रुसून बसलेली असते. जो माणूस एकदा प्रोग्राम विकून परत कधी त्या गावात जाणार नाही त्याने विंडोजसाठीच लिहावं, यात माझं दुमत नाही.

मला तो प्रोग्राम नव्याने लिहायचा होता. जुना डेटा काढायला मात्र लिनक्सच उपयोगी पडलं. एमडीबी टूल्स म्हणून एक साधन आहे, ॲक्सेसची फाइल दिली की एका ओळीच्या कमांडमध्ये टेबल सीएसव्ही, म्हणजे कुठंही उघडणारी साधी मजकुराची फाइल, करून हातात देतं, ॲक्सेस असायला पण लागत नाही. दिलं, उघडलं, आणि बघतो तर शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी नुसत्या शिव्या. म्हणजे डॉलर, ब्रॅकेट, टोप्या घातलेले ए. कारण जुना प्रोग्राम युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच नंबर असलेल्या पद्धतीतला, नव्हता, त्याच्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फॉन्ट असेल तर "पाटील", नसेल तर कचरा. ज्यांनी डीटीपीची कामं केलीत त्यांना हे सांगायला नको.

मग ते युनिकोडमध्ये आणायचा प्रोग्राम लिहिला. कुठल्या खुणेचं कुठलं अक्षर हा तक्ता बनवणं सोपं, एका रविवारचं काम. घोडं अडतं ते वेलांटी आणि रफारापाशी. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, जशी दिसते तशी, आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलट, जुन्यात अक्षर झाल्यावर वर टोपी ठेवतात, युनिकोडमध्ये पाय मोडका र आधी लिहायचा. "कुलकर्णी" या एका आडनावाने माझा एक अख्खा शनिवार खाल्ला, कारण तिथं रफार णी वर आहे आणि णी ला दीर्घ वेलांटी पण आहे, म्हणजे रफार एक नाही तर दोन पावलं मागं न्यायचा. एवढं करून चाळीस बेचाळीस नावं राहिलीच, ती मी आणि दिवाणजींनी समोरासमोर बसून दुरुस्त केली. दिवाणजी म्हणजे दुकानाचा खरा मालक असं समजा, वय साठच्या पुढं, वहीच्या काळापासून आहेत, प्रत्येक शेतकऱ्याचं गाव तोंडपाठ. मी नाव वाचायचो, ते न बघता गाव सांगायचे.

नवा प्रोग्राम मी घरी मिंटवर पायथन भाषेत लिहिला. पायथन घेतलं की लिनक्स काय विंडोज काय सारखंच, असं सगळे सांगतात. नव्वद टक्के सारखं आहे हो. उरलेले दहा टक्के दुकानात जाऊन कळतात, गिऱ्हाईक समोर असताना.

पहिलं म्हणजे विंडोजला फाइलच्या नावातलं लहान अक्षर मोठं अक्षर सारखंच, लिनक्सला दोन वेगळी माणसं. त्यामुळे विंडोजवर लिहून लिनक्सवर नेणाऱ्याचा लोगो गायब होतो. माझं उलट होतं म्हणून इथं वाचलो. पण दुसऱ्यात सापडलो. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची ते, सांगितलं नाही तर लिनक्सवर तो गपगुमान युटीएफ-८ हे युनिकोडचं एन्कोडिंग धरतो, विंडोजवर मात्र मशीनचं जुनं जे काय कोडपेज (अक्षरांचा तक्ता) असेल ते धरतो, आणि त्यात मराठी बसतच नाही. घरी दोन महिने चाललेला प्रोग्राम दुकानात पहिल्या पट्टीला आडवा झाला. पहिला शब्द कुठला, तर "श्री". स्क्रीनवर लाल अक्षरात चारमॅप कोडेक कान्ट एन्कोड. दिवाणजी म्हणाले, "श्रीलाच अडलं, शकुन बरा नाही." दुरुस्ती एका शब्दाची होती, पण प्रोग्राममध्ये तो शब्द एकोणीस ठिकाणी घालायला लागला. आणि तीच सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएमची, म्हणजे फाइल युनिकोडमधली आहे हे सांगणारी, खूण पण घालावी लागते, नाहीतर एक्सेल मराठीचा परत कचरा करून दाखवतं. हे लिहून ठेवा, कामाला येईल.

तिसरं म्हणजे ईएक्सई, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी फाइल, बनवणं. मी पायइन्स्टॉलर वापरतो, आणि त्याला लिनक्सवर बसून विंडोजची ईएक्सई बनवता येत नाही, ज्याच्यासाठी बनवायची त्याच्यावरच बसायला लागतं. म्हणजे मिंटमध्ये व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत खोटं मशीन), त्यात विंडोज, त्यात परत पायथन, आणि ८ जीबी रॅमवर हे सगळं म्हणजे रिक्षात बारा माणसं. एवढं करून ईएक्सई पेनड्राइव्हवर नेली तर दुकानातल्या अँटीव्हायरसने ती व्हायरस म्हणून उचलून फेकली. सही नसलेल्या, असल्या पद्धतीने बांधलेल्या ईएक्सईवर असे संशय सर्रास येतात. सही करायचं सर्टिफिकेट दर वर्षी पैसे देऊन घ्यायचं, मला एका दुकानामागं मिळतात किती, त्यात ते बसत नाही. इथं गो भाषेतले लोक हसत असतील, त्यांना लिनक्सवर बसून एका ओळीत विंडोजची ईएक्सई मिळते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवाल्यांना पण मिळते आता, फक्त त्यांच्या विंडोज फॉर्म्सचा प्रोग्राम परत विंडोजवरच चालतो. मी पुढचं काम गोमध्येच करणार होतो पण तोपर्यंत मला वेगळीच वाट सापडली.

वाट अशी की प्रोग्राम ब्राउझरमध्ये उघडायचा. म्हणजे इंटरनेटवर नाही, यार्डात इंटरनेट कधी असतं कधी नसतं. काट्याजवळच्या एका मशीनवर प्रोग्राम आणि डेटा, बाकीच्या मशीनवर नुसता ब्राउझर, मधे साधी वायर. झालं, मग आतल्या केबिनमध्ये अण्णांचं विंडोज असो, पोराचा मॅक असो, काय फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त काट्याच्या मशीनला, कारण त्याला काटा जोडलेला आणि चिठ्ठीचा प्रिंटर जोडलेला. ते मशीन जुनं, त्यावर विंडोज सात, खाली उजव्या कोपऱ्यात कायमची ती ओळ की ही विंडोजची प्रत अस्सल नाही. त्यावर मी मिंट टाकायचं ठरवलं.

अण्णा म्हणाले, "टाक की. पण हंगामात काटा थांबला तर तुला काट्यावर बसवीन."

माझ्याकडं पेनड्राइव्हवर मिंट २१ होतं, तेच टाकलं. काट्याची वायर यूएसबीला लावली. विंडोजवर ती कॉम तीन वगैरे दिसते, लिनक्सवर ती एक फाइल म्हणून दिसायला पाहिजे, टीटीवाययूएसबी शून्य. दिसली नाही. म्हणजे दिसायची आणि दोन सेकंदात गायब व्हायची. वायर बदलली, पोर्ट बदललं, कुंकू लावायचं तेवढं राहिलं होतं. शेवटी सिस्टीमचा लॉग वाचला तेव्हा कळलं की अंध लोकांसाठी ब्रेल डिस्प्ले चालवणारा एक प्रोग्राम आत असतो, त्याला वाटत होतं की हा काटा म्हणजे ब्रेलचं यंत्र आहे, कारण दोन्हीत एकच स्वस्तातली चिप असते, सीएच३४० नावाची. तो पटकन येऊन काटा ताब्यात घ्यायचा. त्याला काढून टाकलं, काटा आला. मग वाचायला गेलो तर परवानगी नाही. लिनक्सवर सिरियल पोर्ट (काट्यासारखी यंत्रं ज्यावरनं बोलतात तो) वाचायला युजरला डायलआउट नावाच्या ग्रुपमध्ये घालायला लागतं, आणि घातल्यावर लॉग आउट करून परत यायला लागतं. हे दुसरं मी विसरलो आणि पाऊण तास परत डोकं आपटलं. एकदा झाल्यावर मात्र नाद खुळा, आजपर्यंत काटा एकदा पण हरवला नाही.

प्रिंटरची गंमत वेगळी. ते छोटे थर्मल प्रिंटर असतात बघा, पावतीचे, त्यांना इंग्रजी अक्षर पाठवलं की छापतात. मराठी त्यांना येत नाही. मग मराठी चिठ्ठी चित्र म्हणून पाठवायची. ५८ मिमीच्या प्रिंटरला एका आडव्या ओळीत ३८४ ठिपके असतात, ८० मिमीच्याला बहुतेक ५७६, तेवढ्या रुंदीचं काळं पांढरं चित्र बनवायचं आणि ठिपके मोजून द्यायचे. लिनक्सवर प्रिंटर पण एक फाइलच, त्यात सरळ बाइट्स ओतायचे, ड्रायव्हर नाही काही नाही. मला हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी मी उगाच गणपतीचं चित्र छापून दिवाणजींना दिलं, ते अजून टेबलाच्या काचेखाली आहे, थर्मल कागद असल्यामुळे निम्मं उडालंय. आतल्या केबिनमधला मोठा प्रिंटर मात्र मी मिंटला जोडायच्या भानगडीत पडलो नाही. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांच्या साइटवर लिनक्स हा शब्दच नव्हता आणि फोन केला तर समोरच्या बाईंनी विचारलं, "सर, लिनक्स हे कुठलं मॉडेल?" आता नवे बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतात, पण घेण्याआधी बघून घ्या.

आता नमलॉक.

सगळं झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी सौदे सुरू, मी मुद्दाम दुकानात थांबलो होतो. दिवाणजी खुर्चीत बसले. ते कीबोर्डकडं बघत नाहीत, डोळे चिठ्ठीवर आणि उजवा हात नंबर पॅडवर, वीस वर्षांची सवय. पाच मिनिटांत हाक आली, "आरं हे बघ की, आठ दाबलं की येक येतंय." मला वाटलं बोट चुकलं. गेलो, बघतो तर खरंच. आठ दाबला की वजनाच्या चौकटीत शून्याचा एक होतोय, परत दाबला की दोन. दोन दाबला की एक कमी. चार दाबला की काहीच नाही, नुसता कर्सर डावीकडं. मिंट सुरू होताना नमलॉक बंद होता, त्यामुळे आठ म्हणजे वरचा बाण आणि ब्राउझरमध्ये आकड्याच्या चौकटीत वरचा बाण दाबला की आकडा एकने वाढतो. माझ्या अंगावर काटा आला. कारण बिघडलं असतं तर दिसलं असतं, इथं आकडा येत होता, फक्त चुकीचा. तीन चिठ्ठ्या आधीच छापून शेतकऱ्यांच्या हातात गेलेल्या. हमालांना पाठवून त्या परत आणल्या, परत तोल केला, एका आजोबांना चहा पाजला.

दुरुस्ती काय होती, तर नमलॉकएक्स नावाचं एक बारकं पॅकेज टाकायचं आणि लॉगिन स्क्रीनच्या सेटिंगमध्ये नमलॉक चालूचं बटण दाबायचं. दोन मिनिटं. आणि माझ्या बाजूने, आकड्याच्या चौकटीत बाणाने आकडा बदलणं बंदच करून टाकलं, ते आधीच करायला पाहिजे होतं, ती चूक मिंटची नाही माझी. पण ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना मी कर्नल, फाइल सिस्टीम, सपोर्ट किती वर्षं हे सगळं बघितलं आणि दिवाणजींचा उजवा हात बघितला नाही.

टॅलीबद्दल विचारणार हे माहितीय. टॅली विंडोजसाठीच आहे, आणि जोपर्यंत सीए टॅलीत डेटा मागतो तोपर्यंत दुकानात एक तरी विंडोज राहणार, यावर वाद घालू नका. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइन म्हणून एक साधन आहे, त्यात मी टॅली चालवायच्या फंदात पडलो नाही, हिशोबाच्या गोष्टीत मला प्रयोग नको. मी काय केलं, टॅली बाहेरून एक्सएमएल नावाच्या साच्यात नोंदी घेते, पोर्ट ९००० वर ऐकत बसते, तर काट्याच्या मिंटवरून रोज संध्याकाळी त्या विंडोज मशीनला दिवसभराच्या नोंदी पाठवतो. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत तरी व्यवहार चाललाय, यार्डात असं बरंच असतं.

मॅकचं दोन ओळीत. माझा मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे, कंपनीने एम सिरीजचा दिलाय, चार्जर घरी ठेवून दिवसभर फिरतो, त्याचा मला हेवा वाटतो हे खरं. आयफोनचं ॲप बनवून स्टोअरवर टाकायचं असेल तर मॅकशिवाय सोय नाही, आणि वर्षाला ९९ डॉलर भरायचे ते वेगळे. माझ्या गिऱ्हाइकांत आयफोन फक्त अण्णांच्या धाकट्याकडं आहे.

विंडोजवरच राहून लिनक्सचं काम करायचं असेल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, पण चांगलं आहे, नवं मशीन असेल आणि अकरा चालत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. सर्व्हरसाठी लिहिणाऱ्यांचं बरंच काम त्यात होतं. माझ्यासारखा काटा न् प्रिंटर जोडणारा असेल तर यूएसबी आत घ्यायला अजून एक टूल टाकायला लागतं, तिथं मला कंटाळा आला.

मिंटची कटकट काय ते पण लिहितो, नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. बॅटरी विंडोजवर जेवढी जायची त्यापेक्षा माझ्याकडं अर्धा तास कमी जाते. बाहेरचा मोठा मॉनिटर लावला की अक्षरं एकतर मुंगीएवढी नाहीतर बोर्डावर लिहिल्यासारखी, मधलं प्रमाण जमवायला बरीच खटपट. जुने डीटीपीवाले, पेजमेकर आणि कोरलवाले, यांनी इकडं येऊच नये, त्यांची सगळी भांडी विंडोजच्या घरात आहेत. आणि काही अडलं की शोधायला इंग्रजीतच जायला लागतं. मराठीत मिंटवर लिहिलेलं फार कमी सापडतं, जे सापडतं ते इन्स्टॉल झालं की संपतं.

स्वतः बसून काम करायला मिंटला मी पाचपैकी साडेचार देतो. दुकानात काउंटरवर टाकायला तीन, त्यातला एक नमलॉकने खाल्ला. रोज जवळ जाऊन बघणारं कोण असेल तरच दुकानात टाका. मी यार्डापासून सायकलवर दहा मिनिटांवर राहतो म्हणून टाकलं. तासगावच्या एका दुकानाने हेच मागितलं तेव्हा मी त्यांना विंडोज अकराचं नवं मशीन घ्यायला लावलं आणि त्यावर तोच प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालू करून दिला.

केबिनमधलं टॅलीचं मशीन अजून विंडोज दहावर आहे, मुदतवाढ घेतलीय, ती ऑक्टोबर २०२६ ला संपेल. अण्णा म्हणतात पाडव्याला वहीपूजनाला नवीनच आणू. दिवाणजींना विचारलं काका तुम्हाला कुठलं पाहिजे, विंडोज का काट्यासारखं, तर म्हणाले, "कीबोर्ड ह्योच ठेव."

त्यांच्या कीबोर्डवरचा आठ पूर्ण पुसलाय, पाच निम्मा राहिलाय.